ओके म्हणजे पोच नव्हे: एका प्रयोगशाळेतल्या फॅक्सचे प्रकरण

पार्श्वभूमी

रक्त-लघवीपासून ऊतींपर्यंत सगळ्या तपासण्या करणारी ही मध्यम आकाराची निदान प्रयोगशाळा. ओळख पटेल असे तपशील गाळले किंवा बदलले आहेत. नमुने पाठवणारे दवाखाने आणि रुग्णालये मिळून साधारण तीनशे. त्यांतल्या निम्म्याहून जास्त ठिकाणी अहवाल फॅक्सने जायचे आणि तपासणीच्या मागण्याही फॅक्सनेच यायच्या. यंत्रे दोन: एक आवकेचे, एक जावकेचे. जावकेच्या यंत्राशेजारी एक जाडजूड फाइल असे. प्रत्येक फॅक्सनंतर निघणारी ‘ओके’ची चिठ्ठी तिच्यात तारखेप्रमाणे लावलेली.

मला बोलावले होते ते टेलिफोनच्या कामासाठी. तांब्याच्या तारेवरची जुनी लाइन बंद होणार, अशी नोटीस फोन कंपनीने दिली होती. अशी नोटीस आता पुष्कळ देशांत येते. ब्रिटनमध्ये जुने टेलिफोन जाळे बंद करायला जानेवारी २०२७ ची मुदत आहे. प्रयोगशाळेच्या व्यवस्थापनाने मला सांगितले ते एवढेच: सगळे फोन इंटरनेटवर न्या, आणि त्याच झटक्यात फॅक्सही बंद करून टाका.

खरे सांगायचे तर मलाही ते पटले होते. ‘आजच्या काळात फॅक्स कोण वापरतं?’ हे वाक्य मी त्या पहिल्या बैठकीत हसत म्हणालो होतो. फॅक्सची कल्पना टेलिफोनहूनही जुनी. अलेक्झांडर बेन या स्कॉटिश घड्याळजीने १८४३ मध्ये तिचे पेटंट घेतले आणि १८६५ मध्ये पॅरिस ते लियों या मार्गावर तारेने चित्र-अक्षरे पाठवण्याची सेवा सुरूही झाली. टेलिफोनचे पेटंट १८७६ चे. एवढ्या म्हाताऱ्या तंत्राला निरोप देणे किती अवघड असणार, असा माझा हिशेब.

अडचण पहिली: यंत्र चालते, फॅक्स जात नाही

फोन इंटरनेटवर गेले. फॅक्स यंत्रे तात्पुरती एका छोट्या अडॅप्टरला (जुने यंत्र इंटरनेट फोनला जोडणारी डबी) जोडली, कारण ती दोन महिन्यांत जाणारच होती. पहिल्याच आठवड्यात तक्रारी सुरू झाल्या. एका पानाचा फॅक्स सुखरूप जाई. सहा-सात पानांचा तिसऱ्या-चौथ्या पानावर तुटे. कर्मचारी पुन्हा पाठवत, मग समोरच्याकडे पहिली तीन पाने दोनदा आणि शेवटची एकदाही नाही, असा प्रकार होई.

कारण समजायला थोडे आत शिरावे लागते. इंटरनेट फोन आपला आवाज साधारण २० मिलिसेकंदांच्या तुकड्यांत कापून पाठवतो. बोलताना एखादा तुकडा हरवला तर कानाला कळतही नाही, मेंदू ती फट भरून काढतो. फॅक्समध्ये मात्र त्या शिट्ट्या आणि खरखर म्हणजेच मजकूर. एक तुकडा गेला की पानाच्या काही ओळी गेल्या. शिवाय आवाज कमी जागेत बसवण्यासाठी जी.७२९ सारखी पद्धत वापरली, तर माणसाचे बोलणे तिच्यातून नीट जाते, पण फॅक्सच्या सुरांची पार वाट लागते. लांब फॅक्समध्ये आणखी एक भर: दोन्हीकडची घड्याळे किंचित मागेपुढे असतात आणि तो फरक पानागणिक साचत जातो.

यावर टी.३८ नावाचे मानक आहे, १९९८ पासून. त्यात फॅक्सचे सूर आवाज म्हणून न पाठवता, त्यांतली माहिती काढून घेऊन तीच पाकिटांत भरून पाठवतात आणि मागच्या पाकिटांची नक्कलही सोबत जोडतात. अडॅप्टर त्यासाठी तयार होता. पण वाटेत दोन-तीन कंपन्यांच्या जाळ्यांमधून कॉल जातो आणि त्यांतल्या एकीला टी.३८ कळले नाही, की सगळे पुन्हा आवाजावर येते. कुठला कॉल कुठल्या वाटेने जाईल, ते आपल्या हातात नसते.

निर्णयाचा क्षण: ईसीएम बंद करणे

फॅक्समध्ये चुका सुधारण्याची एक सोय असते, तिला ईसीएम म्हणतात. पान लहान तुकड्यांत जाते (सहसा २५६ बाइटचा एक), घेणारे यंत्र कोणते तुकडे बिघडले ते कळवते आणि फक्त तेवढे पुन्हा मागवते. लाइन वाईट असेल तर ही मागणी संपतच नाही आणि शेवटी कॉल तुटतो. म्हणून इंटरनेट फोनवर फॅक्स अडला की तंत्रज्ञ एक जुना उपाय सांगतात: ईसीएम बंद करा.

आमच्या तंत्रज्ञाने तेच सुचवले आणि मी होकार दिला. दुसऱ्या दिवसापासून कॉल तुटणे जवळजवळ थांबले. फाइलमध्ये ‘ओके’च्या चिठ्ठ्या पुन्हा साचू लागल्या. व्यवस्थापनाला मी कळवले की प्रश्न आटोक्यात आहे.

नऊ दिवसांनी एका डॉक्टरांचा फोन आला. त्यांच्या हातातल्या अहवालात क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम कसे चालले आहे ते सांगणारा रक्तातला आकडा) १४ होते, म्हणजे मूत्रपिंडे जवळजवळ निकामी. रुग्ण त्यांच्यासमोर खुर्चीत बसून गप्पा मारत होता. आमच्या मूळ नोंदीत आकडा होता १.४.

दशांशचिन्ह वाटेत गळाले होते. साध्या दर्जाच्या फॅक्समध्ये उभ्या इंचाला सुमारे ९८ ओळी असतात. दहा पॉइंटच्या अक्षरातला तो ठिपका उंचीला एक-दोन ओळींचाच असतो. ईसीएम चालू असते तर बिघडलेली ओळ पुन्हा मागवली गेली असती. बंद असल्याने घेणाऱ्या यंत्राने त्या ओळीच्या जागी कोरे सोडले आणि पुढे जाऊन ‘पान मिळाले’ असा संकेत दिला. आमच्याकडे चिठ्ठी छापून आली: ओके.

तुटलेला फॅक्स निदान ओरडून सांगतो की मी गेलो नाही. आम्ही ईसीएम बंद करून ते ओरडणेच बंद केले होते. त्याच दुपारी ते पुन्हा चालू केले, वेग सेकंदाला ९,६०० बिटवर बांधून टाकला आणि अहवाल उच्च दर्जावर, म्हणजे उभ्या इंचाला १९६ ओळींनी, पाठवायला लागलो. कॉल पुन्हा तुटू लागले, पण त्या नऊ दिवसांपेक्षा ते बरे. त्या काळात गेलेले सगळे अहवाल आम्ही पुन्हा पाठवले आणि ज्यांच्यात दशांश आकडे निर्णायक होते त्या दवाखान्यांना फोन केले. दोन दिवस चारजण तेच करत होते.

अडचण दुसरी: नंबर बरोबर, जागा चूक

हे फोन चालू असतानाच दुसरे लचांड निघाले. एका नंबरावर फोन केला तर उचलणारे म्हणाले, ‘अहो, तुमचे कागद आमच्याकडे येतात. आम्ही फाडून टाकतो. दोन महिने झाले.’ तो दवाखाना दुसरीकडे हलला होता, जुना नंबर फोन कंपनीने एका व्यापारी कार्यालयाला दिला होता. दोन महिन्यांचे रुग्णांचे अहवाल तिऱ्हाइताच्या ट्रेमध्ये पडत होते आणि आमच्या फाइलमध्ये त्या प्रत्येकाची ‘ओके’ची चिठ्ठी होती.

दवाखान्याने तक्रार का केली नाही? केली होती. ‘अहवाल मिळाला नाही’ असा फोन आला की आमचा कर्मचारी फाइल उघडून म्हणे, ‘सर, आमच्याकडे ओके आहे.’ मग ते बिचारे एखादा माणूस पाठवून प्रत घेऊन जात.

इथे मला पहिल्यांदा कळले की या प्रयोगशाळेत फॅक्सचे खरे काम कागद पाठवणे नव्हतेच. खरे काम होते पोच मिळवणे. ती चिठ्ठी फाइलला लावली की जबाबदारी संपली, असे सगळे धरून चालत. चिठ्ठीचा अर्थ मात्र एवढाच होता की पलीकडच्या एका यंत्राने आपल्या यंत्राला होकार दिला. ते यंत्र कोणाचे आहे, त्यात कागद आहे का, कागद कोणी उचलला का, यातले तिला काहीच ठाऊक नसते.

फॅक्स का टिकला होता, ते पाहायला गेलो

इथे मी काम थांबवले आणि पंधरा दिवस मागून घेतले. व्यवस्थापनाला ते आवडले नाही. फॅक्स बंद करायला आलेला माणूस फॅक्स पाहत हिंडतोय, असे त्यांना वाटले. मी दवाखान्यांमध्ये जाऊन बसलो.

एका लहान दवाखान्यात यंत्र स्वागतकक्षाच्या मागे होते. कागद बाहेर आला की परिचारिका उचलते, डॉक्टरांच्या मेजावर ठेवते, डॉक्टर वाचून सही करतात, सही झालेला कागद रुग्णाच्या फाइलमध्ये जातो. ‘वाचला’ याचा पुरावा म्हणजे ती सही. मी विचारले, ई-मेलने पाठवला तर? परिचारिका म्हणाली, ‘कोणाच्या ई-मेलवर? सकाळी मी असते, दुपारी दुसरी, डॉक्टर तिसरे. कागद सगळ्यांना दिसतो.’ मला उत्तर सुचले नाही. सामायिक खात्यात एकाने संदेश उघडला की तो बाकीच्यांसाठी ‘वाचलेला’ होतो. ट्रेमधला कागद कोणी उचलेपर्यंत तिथेच असतो.

दुसऱ्या ठिकाणी भिंतीवर एक कागद चिकटवलेला होता. त्यावर पाच वेगवेगळ्या प्रयोगशाळांच्या पोर्टलची (अहवाल पाहायच्या संकेतस्थळांची) नावे आणि पासवर्ड, पेनाने लिहिलेले. सुरक्षेसाठी काढलेल्या पोर्टलांची ही अवस्था. आम्ही सहावे पोर्टल द्यायच्या विचारात होतो. फॅक्सला पासवर्ड नसतो. १९८० मध्ये ग्रुप ३ हे आंतरराष्ट्रीय मानक ठरले, तेव्हापासून कुठल्याही कंपनीचे यंत्र कुठल्याही कंपनीच्या यंत्राशी बोलते. नंबर माहीत असला की पुरे. आधी ओळख नको, करार नको, दोघांकडे एकच सॉफ्टवेअर नको. दोन रुग्णालयांच्या संगणकप्रणाल्या जोडायला हल्लीही महिने लागतात, हे ज्याने पाहिले आहे त्याला याची किंमत कळेल.

तिसऱ्या ठिकाणी तर हसूच आले. एका मोठ्या रुग्णालयाच्या फॅक्स नंबरमागे यंत्रच नव्हते. आमचा अहवाल संगणकातून छापला जाई, यंत्रात घातला जाई, सुरांमध्ये बदलून जाई आणि तिकडे त्याचा पुन्हा पीडीएफ होऊन कोणाच्या तरी संगणकावर येई. मग तिकडचा कारकून तो पडद्यावर पाहून आकडे दुसऱ्या प्रणालीत हाताने भरी. दोन्ही टोकांना संगणक आणि मध्ये दुभाषा म्हणून १९८० चे मानक. चौकशी केली तेव्हा निम्मी मोठी रुग्णालये अशीच निघाली.

आणि कायदा. जवळजवळ प्रत्येकाने मला सांगितले की ‘फॅक्स कायद्याने चालतो, ई-मेल चालत नाही’. कोणता कायदा, हे कोणालाच सांगता आले नाही. आम्ही करार काढून पाहिले. तिथे थोडे तथ्य सापडले: काही जुन्या करारांत ‘लेखी सूचना टपालाने किंवा फॅक्सने’ असे शब्दशः लिहिले होते. म्हणजे अडसर कायद्याचा नव्हता, आपणच वीस वर्षांपूर्वी सही केलेल्या कलमाचा होता. बाकी जगात या बाबतीत एकमत नाहीच. अमेरिकेत आरोग्याच्या माहितीबाबतचे नियम योग्य काळजी घेऊन फॅक्स करू देतात. जर्मनीतल्या ब्रेमेन राज्याच्या माहिती-संरक्षण अधिकाऱ्यांनी २०२१ मध्ये उलट भूमिका घेतली, की संवेदनशील माहितीसाठी फॅक्स पुरेसा सुरक्षित नाही.

कोणकोणते पर्याय होते

पहिला पर्याय, एका दिवशी फॅक्स बंद. मोह होता, कारण तो कागदावर सर्वांत स्वच्छ. पण मोठ्या संस्थांची उदाहरणे समोर होती. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेने जानेवारी २०१९ पासून नवी फॅक्स यंत्रे घेण्यावर बंदी घातली आणि ३१ मार्च २०२० पर्यंत वापर थांबवायचे ठरवले. ती एकाच छत्राखालची यंत्रणा होती, म्हणून आदेश तरी काढता आला. जपानमध्ये २०२१ साली मंत्री तारो कोनो यांनी सरकारी कार्यालयांतून फॅक्स हटवायचे ठरवले, तर खात्यांकडून शेकड्यांनी हरकती आल्या आणि बेत बारगळला. आम्ही तर कोणावर आदेश काढू शकत नव्हतो. दवाखाने आमचे ग्राहक. आम्ही बंद केला असता तर त्यांनी फॅक्स नव्हे, प्रयोगशाळा बदलली असती.

दुसरा, कुठूनतरी जुनी लाइन मिळवून आहे तसे चालू ठेवणे. दोन-तीन वर्षांनी हीच बैठक पुन्हा.

तिसरा, सगळ्यांना कुलूपबंद ई-मेल किंवा पोर्टल. भिंतीवरचा तो कागद पाहिल्यावर माझा त्यावरचा विश्वास उडाला होता.

चौथा, क्लाउड फॅक्स: आपण पीडीएफ सुरक्षित मार्गाने एका सेवेकडे द्यायचा, ती आपल्या लाइनींवरून फॅक्स करते, घेणाऱ्याला काहीच बदलावे लागत नाही. यात आपले अहवाल तिऱ्हाईत कंपनीच्या हाती जातात, ते किती दिवस साठवले जातात, कुठे साठवले जातात, हे करारात बांधून घ्यावे लागते. पाचवा, मोठ्या रुग्णालयांशी संगणकप्रणालीची थेट जोडणी. सर्वांत चांगला, सर्वांत हळू.

सुरक्षेचा मुद्दा बैठकीत आला तेव्हा दोन्ही बाजूंनी अर्धवट बोलणे झाले. ‘फॅक्स हॅक होत नाही’ असे एकजण म्हणाले. २०१८ मध्ये चेक पॉइंट कंपनीच्या संशोधकांनी दाखवून दिले होते की केवळ फॅक्स नंबर माहीत असताना, खास बनवलेले चित्र पाठवून, एचपी कंपनीच्या एका बहुउद्देशीय प्रिंटरचा ताबा घेता येतो आणि तिथून कार्यालयाच्या जाळ्यात शिरता येते. एचपीने त्यावर दुरुस्ती काढली. पण आमच्या प्रकरणात रुग्णांची माहिती बाहेर गेली ती हॅकरमुळे नव्हे, न तपासलेल्या नंबरामुळे.

प्रत्यक्षात काय केले

एकच उपाय सगळ्यांना लावायचा नाही, एवढे ठरले.

आधी नंबर. फॅक्सने अहवाल जाणाऱ्या प्रत्येक ठिकाणी फोन करून त्यांचा फॅक्स नंबर त्यांच्याच तोंडून वदवून घेतला. चुकीचे किंवा बंद नंबर सतरा निघाले. यादीची जबाबदारी एका व्यक्तीच्या नावावर टाकली. तोवर ती यादी कोणाचीच नव्हती, यंत्राच्या स्मृतीत साठवलेली बटणे हीच यादी.

ज्या रुग्णालयांच्या फॅक्समागे संगणकच होता, त्यांच्याशी थेट जोडणीची बोलणी सुरू केली. बाकीच्यांसाठी जावक क्लाउड फॅक्सवर नेली. अहवालाचा साचा बदलला: मुखपृष्ठ काढले, सात पानांची मांडणी तीन पानांत बसवली, आणि आकड्यांचा टाइप बारा पॉइंट केला. पाने कमी म्हणजे कॉल लहान, कॉल लहान म्हणजे तुटण्याची शक्यता कमी. हे पहिल्याच दिवशी करता आले असते, त्याला तंत्रज्ञही लागत नव्हता.

जीवावर बेतू शकणारे निष्कर्ष फक्त फॅक्सवर सोडायचे नाहीत, हा नियम प्रयोगशाळेत पूर्वीपासून होता, पण ढिला पडला होता. तो घट्ट केला: आधी फोन, ऐकणाऱ्याने आकडा परत वाचून दाखवायचा, त्याचे नाव आणि वेळ नोंदवायची, मग फॅक्स.

सर्वांत जास्त वाद झाला तो चिठ्ठ्यांच्या फाइलवर. मी म्हणालो, ती बंद करा, यशस्वी फॅक्सची नोंद संगणकात आपोआप राहते. आवक-जावक सांभाळणाऱ्या ज्येष्ठ बाई म्हणाल्या, ‘मग कोणी विचारलं तर मी दाखवू काय?’ त्यांचे बरोबर होते. आम्ही मग उलटे केले. गेलेल्यांची नव्हे, न गेलेल्यांची यादी छापायची, दिवसातून दोनदा, आणि प्रत्येक नावापुढे कोणाशी बोलणे झाले ते हाताने लिहायचे.

परिणाम

वर्षभराने प्रयोगशाळेतली दोन्ही यंत्रे बंद होती. फॅक्स मात्र बंद नव्हता. तीन मोठी रुग्णालये थेट जोडली गेली, चौथ्याची जोडणी अजून रखडलेली. लहान दवाखान्यांपैकी थोडेच ई-मेलवर आले, तेही आपणहून. पोर्टल व्यवस्थापनाच्या आग्रहाखातर केलेच, त्यात प्रवेश करणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. एक जुना ग्राहक त्या नऊ दिवसांच्या प्रकरणानंतर सोडून गेला, तो परत आला नाही. ‘अहवाल मिळाला नाही’ असे फोन खूप कमी झाले. त्यातला किती वाटा क्लाउड सेवेचा आणि किती नुसत्या नंबर तपासणीचा, हे मला आजही वेगळे करून सांगता येणार नाही, कारण आम्ही दोन्ही एकाच महिन्यात केले.

पुन्हा करायचे झाले तर

दवाखान्यांत जाऊन बसण्याचे काम मी सुरुवातीला केले असते, चुकीनंतर नव्हे. बंद करायच्या गोष्टीची पाहणी कोणी करत नाही, आणि तिथेच फसगत होते.

लाइन बदलण्याआधी किती फॅक्स तुटतात हे महिनाभर मोजले असते. जुन्या तारेवरही काही तुटतच असणार, पण आकडा नसल्याने सगळा दोष नव्या फोनवर आला आणि त्या दडपणाखाली मी ईसीएमचा निर्णय घेतला. ईसीएम बंद करायचेच होते तर फक्त दोन दिवस, आणि मिळालेले पान परत मागवून मूळ पानाशी ताडून पाहायला हवे होते. मी फक्त चिठ्ठ्या मोजल्या. चिठ्ठ्या वाढल्या म्हणून काम सुधारले, असे मानणाऱ्या कर्मचाऱ्यांपेक्षा मी वेगळा नव्हतो.

जुने करारही आधी चाळले असते. ‘फॅक्सने’ या एका शब्दाच्या जागी ‘दोघांनी मान्य केलेल्या मार्गाने’ असे लिहायला वकिलाला एक दुपार लागली. त्याआधी सहा महिने आम्ही कायद्याचे नाव घेऊन घाबरत होतो.

एका निर्णयाबद्दल मात्र माझे मत अजून पक्के होत नाही. आवकेच्या मागण्या, म्हणजे दवाखान्यांनी हाताने लिहून पाठवलेले फॅक्स, आता पीडीएफ होऊन पडद्यावर येतात. कागद उचलताना जो एक थांबा होता तो गेला. दोनदा असे झाले की मागणी उघडली गेली, कोणीतरी फोन घ्यायला उठले आणि ती ‘वाचलेली’ म्हणून यादीतून खाली सरकली. त्या परिचारिकेने सांगितलेले तंतोतंत खरे ठरले, आमच्याच घरात. सध्या त्यावर तोडगा म्हणून आलेली प्रत्येक मागणी छापली जाते.

छापलेले कागद जुन्या आवक यंत्राच्या ट्रेमध्ये ठेवतात. यंत्राची वायर काढलेली आहे, पण ते खिडकीपाशी होते तिथेच आहे, कारण येता-जाता सगळ्यांची नजर तिथे जाते. शेजारच्या जावक यंत्रावर न गेलेल्या फॅक्सची यादी असते, सकाळी अकराची आणि दुपारी चारची.